४ चॅनलचं लेव्हल शिफ्टर मॉड्यूल: टेबलावर मस्त, बॅटरीवर खादाड

आधी काय घेतलं ते सांगतो. लेव्हल शिफ्टर म्हणजे एका व्होल्टेजवर चालणाऱ्या चिपचे सिग्नल दुसऱ्या व्होल्टेजच्या चिपला समजतील असे करून देणारं बोर्ड. ते छोटं लाल बोर्ड येतं ना, अंगठ्याच्या पेरापेक्षा जरासं मोठं, एका बाजूला एचव्ही (जास्त व्होल्टेज) आणि दुसऱ्या बाजूला एलव्ही (कमी व्होल्टेज) छापलेलं, मध्ये चार बारके काळे मॉस्फेट (गेट या पायावरच्या व्होल्टेजने सोर्स आणि ड्रेन या दोन पायांमधली वाट उघडणारे-मिटणारे ट्रान्झिस्टर) आणि आजूबाजूला रेझिस्टर, दुकानात "लॉजिक कन्व्हर्टर द्या" म्हटलं की जे मिळतं ते. पुण्यात तपकीर गल्लीतून पाच नग उचलले, ४५ रुपयाला एक, घासाघीस करून चाळीसला. ब्रँड वगैरे काही नाही, प्लॅस्टिकच्या पुडीत हेडर पिन सुट्ट्या, सोल्डर आपली आपण करायची. पाचातला एक मेलेलाच निघाला (तिसऱ्या चॅनलच्या मॉस्फेटचा एक पाय पॅडवर टेकलाच नव्हता, भिंगाखाली धरल्यावर दिसलं), दुकानदाराने न कुरकुरता बदलून दिला, त्यामुळे त्यावर जास्त बोलत नाही.

रिव्ह्यू लिहायला बसलो कारण ऑनलाइन जिथे बघावं तिथे याला पाच स्टार आहेत, "वर्क्स फाइन", "गुड क्वालिटी" एवढंच, आणि ते खरंही आहे, चालतं. पण कोणी हे सांगत नाही की हे मॉड्यूल बॅटरीच्या प्रोजेक्टला लावलं तर काय होतं. माझं झालंय ते सांगतो.

मामा सांगोल्याला असतात, डाळिंबाची बाग आहे. डाळिंबात बहार धरायच्या आधी झाडाला ताण देतात, म्हणजे पाणी तोडतात, आणि ताण किती बसला हे मामा माती मुठीत दाबून सांगतात. मला वाटलं आपण इंजिनिअर, आपण काहीतरी करावं. म्हणून एक नोड (बागेत बसून रीडिंग पाठवणारं यंत्र) बनवला: ३.३ व्होल्टचा प्रो मिनी (छोटा अर्डुइनो कंट्रोलर बोर्ड), त्याचा पॉवर एलईडी आणि रेग्युलेटर (व्होल्टेज स्थिर ठेवणारी चिप) उपटून टाकलेला, त्याजागी एमसीपी१७०० (हा रेग्युलेटर स्वतः दीड-दोन मायक्रोअँपच पितो), एक लोरा मॉड्यूल, म्हणजे लांब पल्ल्याचा रेडिओ (आपल्याकडे ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झला लायसन लागत नाही, हे बरंय), एक २६०० एमएएचचा १८६५० लिथियम सेल आणि मातीत खुपसायचा आरएस-४८५ वाला (लांब वायरीवरून डेटा पाठवायची पद्धत) ओलाव्याचा सेन्सर. तासाला एकदा उठायचं, रीडिंग घ्यायचं, पाठवायचं, परत झोपायचं. झोपेत प्रो मिनी, लोरा, रेग्युलेटर सगळं मिळून मीटरवर ७ मायक्रोअँप. सात! मी इतका खूश की मामांना सांगून टाकलं, दोन वर्षं सेल बघायचा नाही.

आता सेन्सर आणि ४८५ ची बाजू ५ व्होल्टची. घरात मॅक्स४८५ ची (आरएस-४८५ बोलणारी चिप) ती निळी मॉड्यूल पडलेली होती तीच लावली, ५ व्होल्टसाठी एक बूस्ट (व्होल्टेज वाढवणारं सर्किट), आणि ३.३ आणि ५ च्या मध्ये हे लाल बोर्ड. सेन्सरची पॉवर झोपताना तोडत होतो, पण बूस्ट आणि ४८५ चालूच ठेवलं, म्हटलं एवढंसं काय खाणार. ही माझी चूक, बोर्डाची नाही, पण पुढे ऐका.

चोविसाव्या दिवशी मामांचा फोन.

"अरे, तुझं ते यंत्र परवापासून गप हाय बघ."

"मामा, पाऊस झाला का तिकडे? पाणी शिरलं असेल."

"पाऊस कुठला आलाय. लाल लाइट पण नाय काय नाय."

(लाइट मीच काढलेला होता. ते समजावून सांगण्यात पाच मिनिटं गेली.)

सेल काढून आणला तर पार झोपलेला. दोन वर्षं कुठे आणि चोवीस दिवस कुठे. मग नोड टेबलावर घेतला आणि एकेक वायर तोडून मध्ये मीटर घालत बसलो. रात्री साडेबाराला सापडलं. ४८५ च्या मॉड्यूलवर डीई आणि आरई असे दोन पिन असतात, पाठवायचं का ऐकायचं ते ठरवणारे, ते सगळेच एकत्र बांधून एका वायरवर चालवतात, आणि ऐकायच्या मोडमध्ये ती वायर लो, म्हणजे शून्य व्होल्टवर, असते. म्हणजे चोवीस तासातले चोवीस तास ती वायर लो. लेव्हल शिफ्टर आणि प्रो मिनीच्या मधली ती एकच वायर तोडून मीटर लावला, १.७९ मिलिअँप. एका वायरमधून! अख्खा नोड ७ मायक्रोअँप आणि ही एक वायर १७९०. अडीचशे पट.

हे का होतं ते बोर्ड उलटं करून बघितलं की कळतं. प्रत्येक चॅनलला एक बीएसएस१३८ मॉस्फेट आणि दोन रेझिस्टर, एक ३.३ कडे ओढणारा, एक ५ कडे ओढणारा, दोन्ही १० किलोओहम, त्यावर बारीक अक्षरात १०३ लिहिलेलं असतं. दोन्ही बाजू निवांत असल्या की रेझिस्टर लाइन वर ओढून धरतात, मॉस्फेट बंद, करंट शून्य. कोणी एका बाजूने लाइन खाली ओढली की मॉस्फेट उघडतो आणि दुसरी बाजू पण खाली जाते. सुंदर आयडिया आहे, खरंच, एका मॉस्फेटमध्ये दोन्ही दिशांचं काम. फिलिप्सने १९९७ साली आय-टू-सी बससाठी (चिपांनी एकमेकींशी बोलायच्या दोन वायरी) अ‍ॅप्लिकेशन नोट काढली होती, एएन९७०५५, हे बोर्ड म्हणजे त्याच सर्किटची झेरॉक्स. आणि आय-टू-सी मध्ये लाइन रिकामी असताना वरच असते, त्यामुळे तिथे हे सर्किट फिट्ट बसतं, बसून राहण्याचा खर्च जवळपास काहीच नाही.

पण लाइन लो धरून ठेवली की दोन्ही रेझिस्टरमधून करंट वाहत राहतो. ३.३ भागिले १०के म्हणजे ०.३३ मिलिअँप, ५ भागिले १०के म्हणजे ०.५, बेरीज ०.८३. मग माझ्या मीटरवर १.७९ कसा? ह्या एका प्रश्नावर मी अर्धा तास घालवला, मीटरची बॅटरी बदलली, मीटर बदलला, मग ४८५ च्या निळ्या बोर्डाकडे नीट बघितलं तर तिथे पण चार १०३ बसलेले, आरओ, आरई, डीई, डीआय प्रत्येकाला एकेक, सगळे ५ व्होल्टकडे ओढणारे. डीई आणि आरई मी एकत्र बांधलेले, म्हणजे अजून दोन १०के, म्हणजे अजून बरोब्बर १ मिलिअँप. ०.८३ अधिक १, झालं १.८३, रेझिस्टरचा पाच टक्के इकडेतिकडे. हिशोब जुळला तेव्हा जो आनंद झाला तो वेगळाच, पण सेल तर मेला होता.

ऊर्जेत मांडलं तर: ५ व्होल्टच्या बाजूने दीड मिलिअँप म्हणजे साडेसात मिलिवॉट, ३.३ च्या बाजूने १.१, मिळून ८.६. सेलमध्ये २६०० एमएएच गुणिले ३.७ म्हणजे साधारण ९.६ वॉट-तास. भागाकार करा, ही एकटी वायर अख्खा सेल ४६ दिवसांत संपवते, आणि हे बूस्टचा लॉस शून्य धरून. त्यात बूस्ट स्वतः खातो, मॅक्स४८५ रिकामं बसून डेटाशीटप्रमाणे ३०० मायक्रोअँप खातं, सेल दुकानदार म्हणतो तेवढा २६०० नसतोच. चोवीस दिवस चालला हेच खूप.

बरं, मग म्हटलं झोपताना ५ व्होल्टची रेलच (सप्लायची लाइन) तोडू. एक पी-चॅनल मॉस्फेट टाकला ५ व्होल्टच्या लाइनमध्ये, झोपायच्या आधी बंद. एकदम स्मार्ट वाटलं. मीटर लावला, करंट कमी झाला पण अजूनही शेकड्यात, आणि गंमत म्हणजे जी रेल मी बंद केली होती तिच्यावर १.८ व्होल्ट. तोडलेल्या रेलवर व्होल्टेज! मला आधी वाटलं पी-मॉस उलटा लावला, दोनदा काढून बघितला. तो बरोबर होता. चोर परत लाल बोर्डातच. मॉस्फेटच्या आत एक बॉडी डायोड असतो, सोर्सकडून ड्रेनकडे, आणि ह्या सर्किटमध्ये सोर्स ३.३ च्या बाजूला असतो. म्हणजे ५ ची रेल गेली की ३.३ च्या ज्या लाइनी हाय आहेत त्यांच्यातून करंट डायोडमधून पलीकडे, तिथून १०के मधून मेलेल्या रेलमध्ये, आणि ४८५ ची चिप त्यावर अर्धी-मुर्धी जागी. पुढच्या दाराला कुलूप आणि मागचं दार सताड उघडं.

लाइन हाय ठेवली तर डायोडमधून गळती, लो ठेवली तर ३.३ च्या पुल-अपमधून (वर ओढणाऱ्या रेझिस्टरमधून) ०.३३ मिलिअँप. इकडे आड तिकडे विहीर.

ज्यांनी हे बोर्ड आधीच घेतलंय आणि बॅटरीवर वापरायचंच आहे त्यांच्यासाठी एक जुगाड सांगतो, मला हा चालला. बोर्डाच्या एलव्ही पिनला ३.३ ची रेल जोडू नका, कंट्रोलरचा एक मोकळा पिन जोडा. कामाच्या वेळी तो पिन हाय, चारही चॅनल लो गेले तरी पुल-अपचा करंट १.३ मिलिअँपच होतो, पिनला तो आरामात झेपतो. झोपायच्या आधी ५ ची रेल तोडायची, सगळ्या सिग्नलच्या लाइनी लो करायच्या आणि मग हा पिन पण लो. दोन्ही बाजूंचे पुल-अपच मेले, सगळं शून्याला, वाहणार कुठून. मीटर ८ मायक्रोअँपवर आला. क्रम मात्र पाळा, आणि उठताना उलट्या क्रमाने.

अजून एक, सोल्डरिंगचा हात बरा असेल तर ते १०३ काढून १०४ लावा, म्हणजे १०० किलोओहम. बसल्या जागचा करंट दहावा हिस्सा. पण फुकट काही नसतं, लाइन खाली ओढायचं काम मॉस्फेट झटक्यात करतो, वर आणायचं काम मात्र रेझिस्टरचं, आणि वायर, पिन, मॉस्फेट सगळ्यांचं मिळून शंभरेक पिकोफॅरड धरलं तर १०के ला १ मायक्रोसेकंदाचा टाइम कॉन्स्टंट (लाइन वर चढायच्या वेळेचं माप) पडतो, १००के ला १०. ९६०० बॉडला (सेकंदाला ९६०० बिट) एक बिट १०४ मायक्रोसेकंदांचा असतो त्यामुळे माझं १०४ वर बिनबोभाट चाललं. पण ४०० किलोहर्ट्झचं आय-टू-सी १०४ वर अजिबात नाही, तिथे १०३ पण जेमतेमच. आणि एसपीआय (चिपांमधली अजून एक, वेगवान बस) ८ मेगाहर्ट्झवर चालवून "मॉड्यूल खराब आहे" असा एक स्टार देणाऱ्यांनो, तिथे पूर्ण क्लॉकच १२५ नॅनोसेकंदांचा असतो, लाइन वर यायच्या आत खाली जायची वेळ होते, मॉड्यूल काय करणार. त्या रंगीत एलईडी पट्ट्यांचं पण तेच, ८०० किलोहर्ट्झचा डेटा यातून नीट जात नाही.

इथे जरा विषयांतर करतो, कारण हा सगळा घोळ बघून मला एम.ई.चा प्रोजेक्ट आठवला. चिपच्या आत पण लेव्हल शिफ्टर असतात, मोठ्या चिपमध्ये हजारोंनी, आणि तिथे पण भांडण अगदी हेच असतं.

चिपमध्ये त्यांची गरज का पडते, तर स्विचिंगची ऊर्जा व्होल्टेजच्या वर्गाने जाते, व्होल्टेज निम्मं केलं की ऊर्जा पाव. म्हणून ज्या ब्लॉकला घाई नाही त्याला कमी व्होल्टेजवर चालवतात, अगदी थ्रेशोल्डच्या (ट्रान्झिस्टर ज्या व्होल्टेजला उघडतो त्याच्या) खाली, ०.४ वगैरे, आणि मेमरी, आयओ (बाहेरच्या पिना) जिथे जोर लागतो ते १.८ किंवा ३.३ वर. आता ०.४ वाल्याने काढलेला "१" हा १.८ वाल्याला "१" वाटतच नाही, ना धड शून्य ना धड एक, त्याच्या इन्व्हर्टरमधले (सिग्नल उलटा करणारं सर्किट) वरचा-खालचा दोन्ही ट्रान्झिस्टर अर्धवट उघडे राहतात आणि सप्लायकडून ग्राउंडकडे सरळ गळती लागते. उलट दिशेला, जास्तीकडून कमीकडे यायचं असेल तर फारसा त्रास नाही, जाड ऑक्साइडचा ट्रान्झिस्टर असला की कमी सप्लायवरचा साधा इन्व्हर्टर पण काम करतो. खरी पंचाईत चढताना.

जुनं सर्किट असं की वर दोन पीमॉस (सप्लायकडे वर ओढणारे ट्रान्झिस्टर), एकाचा ड्रेन दुसऱ्याच्या गेटला, दुसऱ्याचा पहिल्याच्या, आणि खाली दोन एनमॉस (ग्राउंडकडे खाली ओढणारे) ज्यांना कमी व्होल्टेजचा सिग्नल आणि त्याचा उलटा सिग्नल मिळतो. एकदा का एका बाजूला पडलं की घट्ट, बसल्या जागी करंट नाही, मस्त. पण बाजू पालटायची म्हणजे खालच्या एनमॉसला वरच्या उघड्या पीमॉसशी रस्सीखेच करून जिंकावं लागतं. आणि थ्रेशोल्डच्या खाली एनमॉसचा करंट दर ८०-१०० मिलिव्होल्टला दहापट पडतो. वरचा १.८ वर पूर्ण ताकदीचा पैलवान आणि खाली ०.४ वर उपाशी पोरगं. मी १८० नॅनोमीटरच्या चिप टेक्नॉलॉजीवर पहिल्यांदा सिम्युलेशन लावलं तेव्हा इनपुट बदलत होतं आणि आउटपुट मध्येच लोंबकळत होतं, ना वर ना खाली, आणि सप्लायचा करंट सुखाने वाहतोय. मी एनमॉस रुंद केला, अजून रुंद केला, शंभरपट केला, तर त्याचं गेट कपॅसिटन्स इतकं झालं की आधीचा बिचारा ०.४ चा इन्व्हर्टर त्याला हलवेना. सर म्हणाले, "खालच्याला खुराक देत बसू नको, वरच्याचा हात धर." तेव्हा नीट कळलं नव्हतं, पण सगळ्या चांगल्या डिझाइनची हीच रीत आहे. पीमॉसची लांबी वाढव, त्याच्या मध्ये अजून एक ट्रान्झिस्टर घालून करंट आवळ, किंवा रस्सीखेचच नको म्हणून करंट मिरर घाल.

करंट मिररची मजा अशी की एनमॉसने थोडासा जरी करंट ओढला तरी मिरर त्याची कॉपी पलीकडे करतो, कुस्ती होतच नाही, त्यामुळे अगदी कमी व्होल्टेजपासून चढता येतं. पण साध्या मिररमध्ये इनपुट हाय असेपर्यंत एका फांदीतून करंट वाहतच राहतो, म्हणजे परत आमचा लाल बोर्ड. मग २०१० मध्ये एका पेपरात विल्सन करंट मिरर वापरला, त्यात आउटपुट वर गेलं की फीडबॅकने ती फांदी आपोआप बंद होते. काम झालं की नळ बंद. हा विल्सन मिरर मुळात १९६७ चा, टेक्ट्रॉनिक्समधल्या जॉर्ज विल्सनचा, अ‍ॅम्प्लिफायरवाल्यांची चीज, थ्रेशोल्डखालच्या डिजिटलशी त्याचा काही संबंध नव्हता. माझा प्रोजेक्ट त्याच्यावरच निघाला, आणि तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या सरांनी एकच प्रश्न विचारला, "ट्रान्झिशनला किती ऊर्जा लागते ते सांगितलंस, आता सांग, नुसतं बसून किती खातं?" मी स्लाइड शोधत राहिलो. नव्हतीच.

त्या प्रश्नाचं उत्तर मामांच्या बागेत मिळालं म्हणायचं. लाल बोर्डातला १०के म्हणजे कधीच हात न सोडणारा पीमॉस. आणि ५ ची रेल तोडल्यावर जो उलटा करंट आला, तसला प्रकार चिपमध्ये होऊ नये म्हणून तिथे ज्या ब्लॉकची पॉवर तोडतात त्याच्या दारात आयसोलेशन सेल (बंद ब्लॉकचे सिग्नल अडवणारं सर्किट) बसवतात, लेव्हल शिफ्टर आणि आयसोलेशन एकाच सेलमध्ये असलेले पण मिळतात, आणि कुठे कोणता बसवायचा हे यूपीएफ नावाच्या फाइलीत लिहून द्यावं लागतं, आयईईई १८०१. मी हे परीक्षेला पाठ केलं होतं. बोर्डावर मात्र सरळ विसरलो.

परत वस्तूकडे. याच्याऐवजी काय घ्यायचं, असं विचारणार असाल तर ते कशाला लावताय त्यावर आहे. टेबलावर यूएसबीवर चालणारं काही असेल, आय-टू-सी चा सेन्सर, ओएलईडी डिस्प्ले, तर हेच घ्या, ४५ रुपयात याच्या तोडीचं काही नाही, डोळे झाकून घ्या.

३.३ मधून ५ ला फक्त एका दिशेने पाठवायचंय तर पुष्कळ जण ७४एएचसीटी१२५ ही बफर चिप सांगतात, मी पण सांगायचो. वेगाला उत्तम, एलईडी पट्टीला तेच लावा. पण बॅटरीवर तिथे पण गोम आहे. ती चिप ५ व्होल्टवर चालते आणि तिला तुम्ही ३.३ देता, ती ते हाय समजते खरी (२ व्होल्टच्या वर तिला हायच), पण इनपुटचा वरचा ट्रान्झिस्टर पूर्ण मिटत नाही. डेटाशीटमध्ये शेवटी शेवटी डेल्टा आयसीसी म्हणून एक ओळ असते, कोणी वाचत नाही, तिथे एका इनपुटला ३.४ व्होल्ट असताना जास्तीत जास्त दीड मिलिअँप लिहिलंय. प्रत्यक्षात कमी येतो, पण दुखणं तेच, मघाशी चिपमधला अर्धवट उघडा इन्व्हर्टर सांगितला ना, तोच.

आपोआप दिशा ओळखणाऱ्या चिप पण मिळतात, टीएक्सबी०१०८, टीएक्सएस०१०८ई, दोघांची नावं सारखी असल्याने लोक एकाच्या जागी दुसरी लावून बसतात. टीएक्सबी ही ढकलणाऱ्या-ओढणाऱ्या सिग्नलसाठी, आतून फार हलक्या हाताने लाइन धरते, त्यामुळे बाहेर १०के चा पुल-अप लावला की तिचा गोंधळ उडतो, डेटाशीट ५०के च्या वरच लावा म्हणतं. माझ्या निळ्या ४८५ वर चार १०के आहेत, म्हणजे तिथे ती बादच. टीएक्सएस ही ओपन ड्रेनसाठी (फक्त खाली ओढणारे सिग्नल, वर आणायचं काम पुल-अपचं), पुल-अप तिच्या आतच असतात.

मला खरोखर आवडलेली चीज म्हणजे एसएन७४एलव्हीसी१टी४५. एक बिट, दोन सप्लाय, दोन्ही १.६५ ते ५.५ व्होल्टमध्ये काहीही, दिशा ठरवायला एक पिन. बसल्या जागचा करंट डेटाशीटप्रमाणे जास्तीत जास्त ४ मायक्रोअँप, आणि कुठलीही एक सप्लाय शून्याला गेली की दोन्ही बाजू हात वर करतात, म्हणजे हाय इंपिडन्स, जणू वायर जोडलेलीच नाही, उलटा करंट नाही, मेलेल्या रेलवर भूत नाही. मी सुट्या घेतल्या, तपकीर गल्लीत तीन दुकानं फिरून चौथ्यात मिळाल्या. तोटा एकच, तांदळाच्या दाण्याएवढ्या, सहा पायांच्या, एका बिटाला एक, आणि ब्रेडबोर्डवर लावायच्या तर अ‍ॅडॉप्टर बोर्ड आला. दोन जमिनीवर पडल्या त्या अजून सापडलेल्या नाहीत, झाडूवाल्या मावशींना पण सांगून ठेवलंय.

आणि बागेत शेवटी काय लावलं? लेव्हल शिफ्टरच काढून टाकला. मॅक्स३४८५ घेतला, तो ३.३ वरच चालतो, मॅक्स४८५ ला नसलेला शटडाऊन मोड त्याला आहे, आणि सेन्सरला लागणारे ५ व्होल्ट फक्त रीडिंगच्या वेळी बूस्टमधून. हे आधी का नाही सुचलं, तर घरात निळं मॉड्यूल पडलेलं होतं म्हणून. पंचवीस रुपये वाचवायला गेलो आणि सांगोल्याच्या दोन चकरा झाल्या, एसटीचं तिकीटच किती पडलं ते सांगत नाही.

बाकी बारीकसारीक: एलव्ही बाजूला १.८ व्होल्टचं काही लावायचा विचार असेल तर जपून, बीएसएस१३८ चा थ्रेशोल्ड ०.८ ते १.५ च्या मध्ये कुठेही असू शकतो, १.८ वर एखादा बोर्ड चालेल आणि शेजारचा नखरे करेल, १.२ चं तर नावच काढू नका. पिनांवरची अक्षरं इतकी बारीक की मी मार्करने एचव्हीच्या बाजूला लाल ठिपका देतो. एकदा उलटं लावलं होतं, एलव्हीला ५ आणि एचव्हीला ३.३, काही जळलं नाही पण बॉडी डायोडमुळे दोन्ही सप्लाय एकमेकांत मिसळल्या आणि ३.३ ची रेल चढायला लागली, नशीब लवकर लक्षात आलं. पीसीबीची क्वालिटी ठीक, तांबं ठीक, हेडर पिना मात्र भिकार, सोल्डर धरतच नाहीत, दुसऱ्या वापरा.

स्टार द्यायचेच तर टेबलासाठी साडेचार, बॅटरीसाठी एक, तोही त्या एलव्ही पिनच्या जुगाडामुळे.

बागेतला नवीन नोड आता चौथ्या महिन्यात आहे, परवा सेलवर ३.९८ व्होल्ट दिसत होते. मामा अजूनही माती मुठीत दाबूनच बघतात, फक्त आता आधी मोबाइल बघतात आणि मग माती, आणि दोन्ही जुळलं की मला फोन करून सांगतात, "तुझं यंत्र बरोबर सांगतंय बघ." पाचातलं एक लाल बोर्ड टेबलावर ओएलईडीला लावलंय, तिथे ते मजेत चाललंय.